चौतीस पद्धती आणि कृष्णाकाका

शेंद्र्याच्या एका कारखान्यात हेल्पडेस्कच्या फोनवर कृष्णाची अठरा वर्षं गेली. करमाडहून यायचं, हेडफोन लावायचा, लोकांचे अडलेले कॉम्प्युटर चालू करून द्यायचे. आता साहेबांचं फर्मान निघालं होतं: आयटी सेवा व्यवस्थापनाची परीक्षा पास व्हा, नाहीतर स्टोअरमध्ये बदली. दोनदा आपटला होता. आज तीन वाजता शेवटची खेप.

शेजारच्या टेबलावरची हिमानी, लेकीच्या वयाची, पुस्तक धरून बसली होती. "चौतीस पद्धती, गट तीन. सर्वसाधारण, सेवेच्या, तांत्रिक. बिघाड झाला की काम चालू करून देणं, ते कशात?"

"तांत्रिक. वायरला हात मीच लावतो की."

"काका! दोन्ही वेळेला ह्यातच गेलात."

"लई झालं बाई. डोक्यात शिरंना. स्टोअरातली खोकी तरी प्रश्न इचारत नाय."

हिमानीनं पुस्तक मिटलं. "गावच्या सप्ताहात तुमच्याकडे काय असतं?"

"समदंच." थकल्या तोंडावर जरा तेज आलं. "बुवा ठरवायचे, माणसांना कामं वाटायची..."

"ते लग्नातही लागतं, निवडणुकीतही."

"मंग सर्वसाधारण."

"कर्णे, तारा बसवणं?"

"तांत्रिक."

"आणि ऐन कीर्तनात माईक किंचाळला तर?"

कृष्णाला सप्ताहाचा मंडप दिसला. बुवा रंगात आलेले, टाळ टिपेला, अन् कर्ण्यातून ती किंकाळी. पुढच्या म्हाताऱ्या कानांवर हात ठेवतात, डोळे मिटून बसलेला माणूस दचकतो. आपण पळतो ते काय वायरपायी?

"ऐकणाऱ्यांपायी," तो हळूच म्हणाला. "हात वायरला, पण काम त्यांचं. सेवा झाली ती."

"आणि दरवर्षी का किंचाळतो, हे शोधणं?"

"तेबी सेवाच. पण आम्ही कधी शोधलंच नाय. दरसाल गप करायचा अन् पुढं."

तीनच्या परीक्षेत चाळीस प्रश्न होते. पास व्हायला सव्वीस लागत. पडद्यावर सव्वीसच उमटले.

"काका, पेढे!"

"पाणी दे आधी." आनंद करायला अंगात त्राण नव्हतं. टेबल राहिलं, एवढंच मनात आलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं बंद केलेल्या तक्रारींची यादी उघडली. पॅकिंगचा तोच प्रिंटर, तीच तक्रार, सहा महिन्यांत अकरा वेळा. अकराही वेळा त्यानंच दोन मिनिटांत बंद केलेली. चपळाईबद्दल शाबासकीही घेतलेली.

"घरी नाही जायचं?" हिमानीनं विचारलं.

"जातो की," म्हणत कृष्णानं खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्या तक्रारीची तारीख वहीत उतरवली.