सात पाणी

“भाऊ, ह्येचं तोंड चाललंय बघा,” म्हणत बनुबाईनं पदराआडची फ्रेम गावच्या जुन्या फोटोग्राफरच्या, भीमराजच्या पुढ्यात ठेवली.

फोटोतला शर्ट शाबूत होता, कॉलरही. चेहऱ्याच्या जागी मात्र चहा सांडल्यासारखा डाग पसरला होता. सहादू, बनुबाईचा एकुलता एक. विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला, त्याला छत्तीस वर्षं झाली. त्याचा दुसरा फोटो कुठंच नव्हता.

“भिंतीची वल लागली आसंल. आमचंच घर गळकं.”

भीमराजनं डाग बघताक्षणी ओळखला होता. फोटो पक्का करणारं औषध, हायपो, नीट धुऊन निघालं नाही की कागदात मुरून बसतं आणि वर्षानुवर्षं चित्र खात राहतं. म्हणून सात वेळा पाणी बदलायचं. शेवटी कोपऱ्यावरचा थेंब जिभेवर घ्यायचा. गोड लागला तर आणखी धुवायचं. त्याच्या वस्तादाची ही पद्धत. पण सहादू गेला त्या वर्षी दुष्काळ होता, टँकर दहा दिवसांनी येई. थेंब गोड लागला होता, तरी तिसऱ्या पाण्यावरच भीमराजनं हा फोटो उचलला होता.

“वल न्हाई, बनुबाई. म्याच नीट धुतला न्हाई.”

तिनं फ्रेम त्याच्याकडं सरकवली. “मंग आता धुवा की.”

कागदावरून गेलेलं परत येत नाही. राहिली निगेटिव्ह. डार्करूममध्ये आता ज्वारीची पोती होती. त्यांच्यामागच्या पत्र्याच्या पेटीत ती सापडली. तिच्यावर मिठासारखा पांढरा थर धरला होता. त्याच्या सुनेनं, पंकजानं, ती उजेडावर धरून मोबाईलनं तिचा फोटो काढून बघितला.

“आबा, निस्ता धुरळा दिसतोय.”

“थर पान्यानं निघंल.”

नळ सकाळीच येऊन गेला होता आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देत होतं. गरम पाण्यात जुन्या फिल्मचं चित्र दुधावरच्या सायीसारखं सुटून येतं. भीमराज मच्छिंद्रच्या रसवंतीवर बर्फ आणायला गेला.

“काय आबा, फोटोला रस पाजता काय?” मच्छिंद्र हसला. भीमराजनं बर्फ फडक्यात गुंडाळला.

डोक्यावर पंखा फिरत होता. बर्फ घालून पहिलं पाणी दिलं. दुसरं, तिसरं. चौथ्या पाण्यात थर विरघळला आणि ट्रेच्या तळाशी सहादू दिसू लागला. काळा चेहरा, पांढरे केस.

बनुबाई वाकली. “आरं, म्हातारा झालाय की माझा!”

“उलटं दिसतंय, मावशी,” पंकजानं मोबाईल काढला. “आबा, बास करा. म्या आसाच फोटू घेते.”

“हात लावू नको. डोळ्यावर डाग हाय आजून.” भीमराजनं थेंब जिभेवर घेतला. गोड होता. “तीन पानी ऱ्हायलंय.”

“पन दिसतोय ना त्यो!”

“तवाबी दिसत हुता.”

पाचवं झालं. सहाव्याला बर्फ संपला. पंकजा रसवंतीवर जाऊन हात हलवत परत आली. बर्फाची गाडी संध्याकाळी येणार होती. थेंब अजून किंचित गोड होता. भीमराजनं बादलीत हाताची मागची बाजू बुडवली. कोमट आहे, फार नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

“भाऊ, ऱ्हाऊ द्या आता,” बनुबाई हळूच म्हणाली.

त्यानं सातवं पाणी ओतलं. मनात तीनशे आकडे मोजले, फिल्म चिमट्यानं उचलली आणि थेंब जिभेवर घेतला. नुसतं पाणी. छत्तीस वर्षांनी नुसतं पाणी.

“निघालं सगळं,” तो म्हणाला आणि त्यानं फिल्म खिडकीकडं धरली. आरपार पलीकडचा लिंब दिसत होता, पानन् पान.

सहादू ट्रेमध्येच राहिला होता. पातळ पापुद्रा पाण्यावर तरंगत होता, एक कान हळूहळू गालावर दुमडत होता. पंकजानं मोबाईल वर केला आणि तसाच खाली घेतला.

भीमराजनं दोन्ही तळवे पाण्यात घालून पापुद्र्याखाली नेले. उचलला असता तर गोळा झाला असता. तो तसाच ओणवा राहिला. पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या.

बनुबाईनं एकदा वर बघितलं. मग उठून भिंतीपाशी गेली आणि पंखा बंद केला.