चिकटलेला कॉन्टॅक्ट

शेवटच्या साध्या दिवशी बाबांनी चहात बिस्कीट बुडवता बुडवता विचारलं, "रिपोर्ट आला का गं?"

"नाही अजून."

"तीन आठवडे? लिफ्टचा पार्टसुद्धा एवढे आढेवेढे घेत नाही."

मी वर्तमानपत्र वर धरलं. रिपोर्ट येऊन चार दिवस झाले होते. माझ्या कपाटातल्या जाड शब्दकोशात होता.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत त्यांना कॅन्सर समजावून सांगितला होता: पेशीवर एक प्रोटीन असतं. बाहेरून निरोप आला की ते आत कळवतं, वाढायचंय; मग गप्प बसतं. बाबांच्या फुफ्फुसातलं ते गप्प बसतच नव्हतं.

"म्हणजे बटण कुणी दाबलेलं नाही, तरी लिफ्ट वर निघालीय," बाबा म्हणाले. "बटणामागचा कॉन्टॅक्ट चिकटलाय. आणि ब्रेक?"

"थांबवणारं प्रोटीनही बिघडलंय," डॉक्टर म्हणाले.

"मेंटेनन्स कुणाकडे होता ते विचारा आधी."

डॉक्टर हसले. मी नाही हसले.

गोळी त्या प्रोटीनला धरून बसवायची. वर्षभर बसवलं. नव्या रिपोर्टात होतं की प्रोटीनने रूप बदललंय, गोळी आता त्याला लागू पडत नाही. दुसरं औषध त्यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं.

तेव्हापासून मला बाबांचा संशय येऊ लागला. गोळी उजेडात धरून ते विचारायचे, "घेऊ ना?"

"घ्या की."

मग माझ्याकडे बघत गिळायचे. शब्दकोश बोटभर पुढे आल्यासारखा वाटायचा. तो मी मागे सरकवायची आणि त्यांच्या पावलांचा कानोसा घ्यायची.

त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीतून उठलेच नाहीत. फुफ्फुसात गुठळी अडकली होती.

पंधरा दिवसांनी मी शब्दकोश उघडला. रिपोर्टाची घडी उलटी होती. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची बारीक खूण, लिफ्टच्या तपासणीच्या कागदावर ते करायचे तशी. खाली कोपऱ्यात 'पाहिले', आणि तारीख. रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

म्हणजे चहा पिताना विचारलं तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मला बोलतं करायला विचारत होते, की मी किती सराईतपणे खोटं बोलते ते बघायला? हे कोण सांगणार आता.

मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले. टेबलावर रिपोर्ट उघडून ठेवला.

"आलाय, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "गोळी आता चालत नाही. मला भीती वाटतेय."