फाटकावरचा प्रश्न

“सहा आठवडे,” धाकटी म्हणाली आणि समोरचा पाण्याचा पेला तिनं तसाच बाजूला सरकवला. “जन्मभर सांभाळ म्हणत नाहीये मी. सहाच आठवडे ठेवून घे आईला.”

थोरली भगव्या वस्त्रांच्या घड्या घालत होती. मठात तिला सगळे माताजी म्हणत, घरी ती ताई होती. बावीस वर्षांपूर्वी डोकं भादरून, स्वतःच्या हातानं स्वतःचं श्राद्ध घालून ती संन्यासिनी झाली आणि घर धाकटीच्या अंगावर पडलं. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

“ऑपरेशन ठरलं?”

“सोमवारी. अंग बाहेर येतंय माझं, ताई. गर्भपिशवीच खाली सरकलीय. आईला उचलून उचलून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नंतर पाण्याची बादलीही उचलायची नाही. आणि आता टाळलं तर पुढे लाँड्रीत उभंही राहता येणार नाही. इस्त्री काय बसून करू?”

“एखादी बाई ठेव.”

“दोन ठेवल्या. एकीला आईनं शिव्या घातल्या, दुसरी स्वतःच पळाली.”

थोरलीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि लगेच विझलं. “इथं फक्त ज्यांना कोणी नाही त्या बायका राहतात. आईला तू आहेस.”

“आणि तू कोण?”

थोरलीनं पुढचं वस्त्र घडीला घेतलं.

भिंतीवर मठ काढणाऱ्या बाईंचं चित्र होतं. पाठीवर म्हातारी आई घेतलेली एक काटक बाई. ती कहाणी धाकटीला पाठ होती, कारण थोरली दर वर्षी व्यासपीठावरून ती सांगायची आणि लोक पदरानं डोळे पुसायचे. बाई पुरुषांच्या मठात दीक्षा मागायला गेली. महंत म्हणाले, बाईला संन्यास नाही, आणि आईला पाठीवर घेऊन आलेल्या बाईला तर मुळीच नाही. ती म्हणाली, मग आमचा मठ आम्हीच काढू. उघड्या माळावर दोघी बसल्या. हळूहळू घराबाहेर काढलेल्या, टाकलेल्या बायका तिथं जमल्या, आणि जिला कोणी नाही तिचं आपण व्हायचं, एवढंच त्यांचं व्रत ठरलं.

“लोका सांगे ब्रह्मज्ञान,” धाकटी चित्राकडे बोट दाखवून म्हणाली. “हिनं आईला पाठीवरून उतरवलं होतं का गं?”

“तेव्हा त्या दोघीच होत्या. आता बाहेर रांग असते. आम्ही साठजणी आहोत. प्रत्येकीनं आपली आई आणली, तर ज्यांना लेकच नाही त्या म्हाताऱ्यांनी कुठं जायचं?”

चुकीचं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. धाकटीला वाटलं, ती सगळी चवड उचलून फेकून द्यावी. ती उठली.

“सकाळी फाटक मी उघडते,” थोरली मान वर न करता म्हणाली. “फाटकाशी एखादी बाई एकटी बसलेली असली, तर तिला नावगाव विचारत नाही आम्ही. एकच प्रश्न विचारतो. तुमचं कोणी आहे का?”

धाकटी दारातच थांबली.

“ती नाही म्हणाली, की झालं,” थोरली म्हणाली. “तिला आत घेतो.”

तिचे हात मात्र आता घड्या घालत नव्हते.

रविवारभर धाकटीनं आईकडून घोकून घेतलं. कोणी विचारलं तर काय सांगायचं? मला कोणी नाही. आई डोक्यानं चांगली खणखणीत होती, फक्त पायांनी दगा दिला होता. पण तिला हे नाटक पसंत नव्हतं.

“माझी थोरली एवढी जगाची आई झालेली, आणि मी तिच्या दारात भिकारणीसारखी बसू?”

“जगाची झाली म्हणूनच बसायचं. तुझी असती तर कशाला बसावं लागलं असतं?”

आईनं मान फिरवली. एरवी तिचं तोंड चालूच असे. बावीस वर्षं धाकटीच्या हातच्या आमटीत मीठ कमी, भातात पाणी जास्त, आणि थोरलीचं मात्र काय तेज, काय वाणी! दुरून डोंगर साजरे, दुसरं काय. जवळच्या डोंगरानं रोज धुणी धुतली, आईची कूस बदलून दिली, तरी त्याचं कौतुक नाही. धाकटीनं कधीतरी एकदा, निदान शेजारणीजवळ तरी, आपलं नाव निघेल म्हणून वाट पाहिली होती. मग तेही सोडून दिलं.

सोमवारी उजाडताच तिनं टॅक्सीतून आईला उतरवलं, फाटकाशी बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली आणि समोरच्या बंद दुकानाच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. हॉस्पिटलची पिशवी तिच्या खांद्यालाच होती.

फाटक उघडलं. थोरली बाहेर आली, आणि तिच्या मागोमाग मठाच्या प्रमुख, मोठ्या माताजीही. त्या रोज येत नसत. आजच कुठून तडमडल्या, असं धाकटीच्या मनात आलं.

थोरली आईसमोर उकिडवी बसली. बावीस वर्षांत दोघी एवढ्या जवळ आल्या नव्हत्या. आई त्या भादरलेल्या डोक्याकडे टक लावून पाहत राहिली.

“आजी,” थोरलीनं आपल्याच आईला हाक मारली, “तुमचं कोणी आहे का?”

आईनं गुडघ्यांवरची शाल सारखी केली.

“घाबरू नका. कोणी नसेल तर तसं सांगा.” थोरलीलाही तेवढा एकच शब्द हवा होता.

“आहे ना,” आई म्हणाली. “मुलगी आहे.”

“आजी, नीट आठवा—”

“आठवायचं काय त्यात? लाँड्रीत इस्त्री करते. माझं सगळं तीच करते. हगणंमुतणंसुद्धा.”

मोठ्या माताजी पुढे झाल्या. “एकच मुलगी का, आजी?”

आईनं थोरलीच्या तोंडावरची नजर काढली नाही.

“एकच. दुसरी होती, ती वारली. तिचं श्राद्धही झालंय.”

थोरलीनं हात जोडले. ते आईसाठी होते की नुसतेच जोडले गेले, दुकानाआडून कळलं नाही. “मग आम्हाला नाही घेता येणार, आजी,” ती कशीबशी म्हणाली.

धाकटी रस्ता ओलांडून आली. जे ऐकायला बावीस वर्षं कान आसुसले होते, ते म्हातारीला नेमकं आजच सुचलं. हसावं की तिच्या एक थोबाडीत द्यावी, कळेना.

“काय घोकून घेतलं होतं तुझ्याकडून?”

“तोंडातून येईना गं,” आई म्हणाली.

थोरली पुढे सरकली. “एका बाजूनं मी धरते.”

“राहू द्या, माताजी,” धाकटी म्हणाली. तिनं हॉस्पिटलची पिशवी जमिनीवर ठेवली, वाकून आईच्या काखेत हात घातले, आणि दात आवळून तिला उचललं.