चार की पाच

गुणा मिस्त्रीनं चौथ्यांदा हँडल मारलं. इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखं अडून बसलं.

शहापूरच्या डॉक्टरांची ती छत्तीस सालची, सहा सिलिंडरची गाडी. तिचे पहिले तीन रॉड वाकले, ते टोप्यांसकट भंगारात गेले. म्हणून गुणानं मुरबाडच्या भातगिरणीवरचं तसलंच इंजिन आणलं, त्यातले पहिले तीन रॉड घेतले आणि दोन मेलेल्यांतून एक जिवंत करायला घेतलं. पिस्टनच्या रॉडच्या खालच्या तोंडाला अर्धगोल टोपी बसते, तिच्या पोटात क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो. ज्याची टोपी त्यालाच, म्हणून दोघांवर एकच आकडा ठोकलेला असतो. गुणानं दोन्ही इंजिनांच्या टोप्या एकाच रॉकेलच्या डब्यात धुवायला टाकल्या होत्या. आकडे होते, मग भीती कसली?

"शनिवारपर्यंत चालू झाली नाही, तर भंगारवाला येतोय," डॉक्टर म्हणाले होते. आज गुरुवार. डॉक्टरांची गाडी गेली तर एकदाच जाणार होती; पण 'गुणाला इंजिन जुळवता येत नाय' हे वाक्य आटगावपासून शेणव्यापर्यंत रोज, बिनपेट्रोलचं फिरलं असतं.

एकेक टोपी सैल करून पाहिली. चौथी सैल केली की क्रँक सुरळीत फिरे. रॉडवर चार, टोपीवरही चार. गुणानं चष्मा पुसून पाहिलं. चारच.

गिरणीचं इंजिन बांधलं होतं मुरबाडच्या धर्मा मिस्त्रींनी. गुणाचे उस्ताद. दोन वर्षांपूर्वी गुणा त्यांना चारचौघांत म्हणाला होता, "तुमचं काम आता गिरणीपुरतं ऱ्हायलं." तेव्हापासून बोलणं बंद.

शुक्रवारी तो रॉड आणि टोपी पिशवीत घालून एस्टीनं मुरबाडला गेला. उस्ताद ओट्यावर सुपारी कातरत होते.

"ये. गिरणीवाल्याचं घर ध्यानात व्हतं म्हणायचं."

गुणानं पिशवी पुढे केली. उस्तादांनी टोपी उन्हात धरली.

"रॉड चार हाय. टोपी पाच."

"चार हाय उस्ताद. दिसतोय ना."

"इंग्रजीत वाचलास तर चार. मी मराठीत पाच लिवलाय."

"बाकीचे मराठी हायेत ते वळखले मी. ह्यो एकच..."

"साठ साली आपलं राज्य झालं, त्याच हप्त्यात ह्ये इंजिन उघडलं. म्हटलं, मुंबई घेतली, तर आकडे परक्याचे कशाला? ठसे इंग्रजीच मिळतात. मग छिन्नीनं कोरले."

छिन्नीला गोलाई जमत नाही. पाचाचं पोट सरळ झालं होतं आणि त्याचा झाला होता इंग्रजी चार. खरी चाराची टोपी शहापुरात, उरलेल्या मालात, तशाच कोरलेल्या पाचाच्या रॉडशी संसार थाटून बसली होती. दोन्ही जोड्या चुकीच्या, आणि बघणाऱ्याला दोन्ही जुळलेल्या.

"जातो मग," गुणा उठला.

"थांब. सदरा घालून येतो," उस्ताद म्हणाले.

संध्याकाळपर्यंत टोप्या आपापल्या घरी गेल्या. शनिवारी सकाळी गुणानं हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं, मग एका लयीत चालू लागलं.

"शाबास गुणा," डॉक्टर म्हणाले. "आणि तेही एकट्यानं."

उस्ताद रेडिएटरकडे बघत होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि ते सांगणारही नव्हते. गुणानं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ती थोडीशी हललीसुद्धा. मग त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"एकट्यानं नाय, साहेब. टोपी चुकवली मी. चूक पकडली ह्यांनी. आमचे उस्ताद."

डॉक्टर वळले. उस्तादांनी घसा साफ केला.

"पाच मीच वाकडा कोरला व्हता. पोराला काय बोल लावायचा."

बेचाळीस वर्षांच्या पोरानं मान खाली घालून बॉनेट लावलं.