पडद्यावरचा एकशे अठरा

सासूबाईंचा फोन आला तेव्हा सून ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढत बसली होती, आणि त्यात भलतीच रमली होती. सासूबाई म्हणाल्या, हे घामाघूम झालेत, काहीबाही बरळतायत, साखर देऊ का?

सासऱ्यांना मधुमेह. दंडावर साखर मोजणारी पट्टी, आणि तिचा आकडा फोनवर दाखवणारं ॲप खुद्द सुनेनं लिहिलेलं. तिने विचारलं, आकडा किती? एकशे अठरा. म्हणजे उत्तम! मग अजिबात साखर देऊ नका, उकाड्याने होत असेल, असं तिने ठणकावून सांगितलं. सासूबाईंचा तिच्या हुशारीवर फार विश्वास, त्यामुळे त्या थांबल्या.

"सकाळी गच्चीवर गेले तेव्हाही एवढाच होता गं," त्या हळूच म्हणाल्या. "जेवून उठले तेव्हाही."

सून खुर्चीतून उठली. जेवून उठल्यावरही ज्याची साखर जागची हलत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय.

ती पट्टी मोठी चेंगट. इवल्याशा बॅटरीवर दिवस काढायचे, म्हणून आपणहून तोंड उघडत नाही. आकडा बदलला की कळव, असं फोनने सांगून ठेवलं तरच कळवते, आणि मध्ये फोनशी जोडणी तुटली की त्याचं ते सांगणं साफ विसरते. सासरे फोन खाली ठेवून गच्चीवर गेले, जोडणी तुटली. खाली आले, जुळली. आता पुन्हा सांगायचं काम ॲपचं, आणि नेमकं तेच सुनेनं लिहिलं नव्हतं. वर पडदा रिकामा बरा दिसत नाही म्हणून जुना आकडा तसाच ठेवायची अक्कलही तिचीच.

तिने सासूबाईंना 'आत्ता वाच'चं बटण दाबायला लावलं. विचारलं की पट्टी उत्तर देते, एवढं तरी होतं.

"एक्केचाळीस," सासूबाई म्हणाल्या.

"साखर द्या, आई. पाण्यात. गिळतायत तोवर द्या."

फोन टेबलावर आदळला. मग नुसत्या हाका, आणि पेल्यात वाजणारा चमचा. सून कानाला फोन लावून उभी होती. बऱ्याच वेळाने सासऱ्यांची कुरकुर ऐकू आली, की हा काय पाक पाजतेस मला. तिला रडू फुटलं.

"आता ब्याऐंशी दाखवतंय," सासूबाई म्हणाल्या. "खरं मानू का गं?"

एरवी घरभर ॲपचं कौतुक सांगणाऱ्या सुनेला हो म्हणवेना.

"बाबांकडे बघा, आई," ती म्हणाली. "फोनकडे नका बघू."