खडूचा चौकोन

शिंपीमामाच्या मते भाचीचं गणित म्हणजे रिकामटेकड्यांची चैन. ती कॉलेजात कॅटेगरी थिअरी, म्हणजे वस्तूंपेक्षा त्यांना जोडणाऱ्या बाणांचं गणित, शिकवायची आणि सुट्टीत हट्टाने मामाला धडे द्यायची. आज तिने कापायच्या टेबलावरच खडूने चौकोन काढला आणि कडांना बाण दिले.

"कोपऱ्यात काय आहे ते विसर, मामा. इथून तिथे जायच्या दोन वाटा आहेत. दोन्हींनी एकाच ठिकाणी पोचतो का, एवढंच बघ."

"पोचणारच! त्याला कसली आलीय थिअरी?" मामाने फणकाऱ्याने चौकोन पुसला.

ती गेल्यावर त्याने नवं सुती कापड खिडकीच्या मापाने कापलं, पडदे शिवले, मग धुऊन वाळवून टांगले. पडदे चांगले वीतभर आखूड! आधी धुऊन मग कापायचं तो घाईत विसरला होता.

मामी मातीची भांडी घडवायची. ती पोट धरून हसली. "अहो, माझ्या झाकणाचं हेच झालं होतं! भाजलेल्या बरणीच्या मापाने ओलं झाकण केलं, ते भट्टीत आक्रसलं आणि बरणीच्या आत पडलं!"

कापड कुठे, माती कुठे! मामाने खडू उचलून पुन्हा तोच चौकोन काढला. एका वाटेवर आधी माप, दुसरीवर आधी आक्रसणं. कापड असो की माती, दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचत नव्हत्या! मग त्याने भाचीला फोन लावला.

"उद्या ये. कोपऱ्यात काय भरायचं ते आम्ही दोघं बघतो, तू फक्त बाण शिकव."