सातव्या भागाची खिरापत

भुलाबाईची गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा पोरींच्या कानाशी हलवते. आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं. ओळखलं की खिरापत हातावर पडते आणि पोरी पुढच्या घरी पळतात.

लहानपणी वरवट बकाल गावात संजीवनीचा कान सगळ्यांत तिखट. पण अन्नपूर्णाकाकूंच्या ओट्यावर ती नेमकी चुकायची. फुटाणे वाजले तर खडीसाखर म्हणायची, खोबरं वाजलं तर शेंगदाणे. काकूंचा कुलदीप तेव्हा मळ्यातून परतायचा राहिलेला असे, आणि ‘ढगबेट’ या पुस्तकाचा पुढचा भाग त्याच्याकडे असे.

सात भागांची गोष्ट. शाळेच्या कपाटात एकेकच प्रत. वाऱ्याला गाठी मारणारी निळाई आणि तिची होडी वल्हवणारा माधो. बाकीची पोरं राक्षसांत, उडत्या माशांत रमत. संजीवनी आणि कुलदीप वेगळंच शोधत. दुसऱ्या भागात माधोनं निळाईची ओली ओढणी शेकोटीशी धरली. चौथ्यात तिनं अर्धी भाकर न बोलता त्याच्याकडे सरकवली. सहाव्यात बोटाला बोट लागलं, आणि पुढचं अख्खं पान नुसतं पाण्याचं वर्णन. अशा ओळीपाशी कुलदीप पेन्सिलीनं ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका देई. संजीवनी त्याच्या शेजारी दुसरा देई.

सातवा भाग त्यानं आधी वाचला. निळाई-माधोचं जमते का, तेवढंच सांग, म्हणून ती मागं लागली.

“थांब ना वं,” तो म्हणाला. “मंग मजा काय राह्यली?”

पुढे ती शिकायला खामगावला गेली. सातवा भाग शाळेच्या कपाटात पुन्हा दिसला नाही. तिच्या बापाचं आजारपण, कुलदीपच्या बहिणींची लग्नं, यात दोघंही बिनलग्नाचीच राहिली. तीन वर्षांपूर्वी ती गावच्याच शाळेत मास्तरीण होऊन आली. रोज मळ्याच्या रस्त्यावर भेट होई. भेंडीची चौकशी, पोरांच्या हजेरीची चौकशी. त्यापुढे काही नाही.

यंदा तिला संग्रामपूरचं स्थळ आलं. उद्या होकार-नकार कळवायचा होता. तिनं ते कुलदीपला सांगितलं, तेव्हा तो हातातल्या वांग्याकडे पाहून म्हणाला, चांगलं आहे.

त्याच संध्याकाळी ती शाळेच्या पोरींसोबत काकूंच्या ओट्यावर आली. गाणी झाली. डबा आज कुलदीपनं आणला. हलवला तर आत एकच जडसा धप्प आवाज. पोरी म्हणाल्या गूळ, मग नारळ, मग खरबूज. हे काय खरबुजाचे दिवस आहेत का, म्हणून एकमेकींना चिडवून झालं.

“तुमच्या मॅडमले विचारा,” कुलदीप म्हणाला.

“तिले कायले?” काकू आतून बोलल्या. “साऱ्या गावात ओळखते, अन् माह्याच घरी चुकते ते.”

संजीवनीनं आवाज केव्हाच ओळखला होता. जुन्या सवयीनं ‘गूळ’ हा शब्द ओठांवर आलाही होता. आज चुकलं, की उद्या संग्रामपूर.

“सातवा भाग,” ती म्हणाली.

पोरी हसल्या. पुस्तक का खिरापत असते? कुलदीप हसला नाही. त्यानं झाकण काढलं.

“परत केलाच नाई मी,” तो म्हणाला. “वाटलं, वाचून झालं तर मंग तू कायले येशीन?”

तिनं थेट शेवटचं पान उघडलं. निळाई होडीत बसून होती, वाऱ्याच्या साऱ्या गाठी सोडून. पहिल्यांदाच माधोनं तिला नावानं हाक मारली होती. शेजारी पुसट झालेला एकच ठिपका.

“पेन्सिल हाय का?” तिनं विचारलं.